बांध आणि पेला

सिनेमाचं नाव सांगत नाही. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी शेवट उगाच फुटेल. शिवाय असल्या सिनेमांचे शेवट इतके एकसारखे असतात की नाव घेतलं काय आणि न घेतलं काय. गेल्या पावसाळ्यात भाचीच्या हट्टापायी सांगलीतल्या मल्टिप्लेक्सला जाऊन पाहिला. नव्या इमारतीत राहायला आलेली एकटी मुलगी, समोरच्या फ्लॅटमधला हळू बोलणारा, मदतीला तत्पर शेजारी, शहरात एकामागून एक खून आणि सगळ्यांचा संशय भलत्याच माणसावर. मध्यंतरापर्यंत बरा चालला होता. मग एक प्रसंग आला. शेजारी तिच्या स्वयंपाकघरात उभा आहे, ती आतल्या खोलीत फोनवर बोलतेय. तो खिशातून छोटी बाटली काढतो, तिच्या ग्लासात चार थेंब टाकतो, चमच्याने ढवळतो. मग चमचा धुतो, पुसतो आणि होता तिथे ठेवून देतो.

भाची माझा दंड धरून म्हणाली, "शी! कसला सायको आहे हा, मावशी!"

मी काही बोलले नाही. चमचा धुऊन जागेवर ठेवावा लागतो हे मला माहीत होतं. गावभागातल्या आमच्या जुन्या घरात, रोज रात्री साडेआठला, सव्वा वर्ष मी तेच करत होते.

ते येईलच पुढे. आधी सिनेमा संपवते. अर्थातच शेजारी खुनी निघतो. पकडल्यावर पोलीस ठाण्यात एक डॉक्टरबाई येऊन पाच मिनिटं समजावून सांगतात की लहानपणी बापाने कोंडून मारलं, त्यातून याला 'स्प्लिट पर्सनॅलिटी' झाली. पुढच्याच वाक्यात त्या म्हणतात 'सिव्हिअर स्किझोफ्रेनिया'. दोन्ही आजार एकाच माणसाला, एकाच दमात, सर्दी-खोकला म्हणावं तसे. शेवटी डॉक्टरला आणून उलगडा करायची ही रीत जुनी आहे. हिचकॉकच्या १९६०च्या 'सायको'तही खुनी हाती लागल्यावर एक मानसोपचारतज्ज्ञ उभा राहून सगळं नीट विशद करतो. साठ वर्षं उलटून गेली, डॉक्टर अजून त्याच कोपऱ्यात उभा आहे.

या दोन आजारांचं एकमेकांशी काही नातं नाही. एका शरीरात दोन-चार निरनिराळी माणसं वावरावीत तसं ज्यात होतं तो विकार वेगळा आणि विरळा. स्किझोफ्रेनियात एकाची दोन माणसं होत नाहीत. इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येतात, नसलेल्या गोष्टींची पक्की खात्री पटते, बोलण्याचा धागा तुटतो. आणि सिनेमात कधीच न दिसणारा भाग म्हणजे माणूस नुसता बसून राहतो. आंघोळ नको, बोलणं नको, सणवार नको. घोटाळा नावापासूनच आहे. ब्लॉयलर नावाच्या स्विस डॉक्टरने १९०८ साली ग्रीक शब्द जुळवून हे नाव बसवलं, त्याचा अर्थ होतो मन चिरफाळणं. विचार एकीकडे, भावना दुसरीकडे, अशी फारकत त्याला सांगायची होती. सिनेमावाल्यांनी माणसाचीच दोन शकलं केली, एक सज्जन आणि एक सुरीवालं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने तीनशे माणसांत साधारण एकाला हा आजार असतो. सांगली-मिरज-कुपवाड मिळून पाच लाखांची वस्ती धरली तर दीड हजारावर माणसं झाली. एवढे सगळे सुऱ्या घेऊन हिंडत असते तर गणपती पेठेत दिवसा दुकान उघडायची सोय राहिली नसती. ते दीड हजार कुठे आहेत? बहुतेक मागच्या खोलीत. त्यांतले एक आमच्या घरात होते, माझे बापूकाका.

बापूकाका हळदीच्या अडत दुकानात लिहिणावळीला होते. अक्षर असं की मालक लग्नपत्रिकांचे पत्तेसुद्धा त्यांच्याकडून लिहून घ्यायचे. चौतिसाव्या वर्षी त्यांना रेडिओ त्रास देऊ लागला. आकाशवाणी सांगलीवर बाजारभाव लागायचे. हळदीचा भाव सांगताना निवेदक एक क्षण थांबतो, तो फक्त आपल्यासाठी थांबतो, असं त्यांना वाटायचं. पहिल्यांदा ते हसत सांगायचे. पुढे त्या थांबण्याचा अर्थ काय यावर रात्र रात्र जागू लागले. चोपडीच्या मागच्या पानांवर त्यांनी थांबे मांडून ठेवले होते, तारीखवार, त्याच सुरेख अक्षरात.

आजी त्यांची आई. तिचं माहेर हरिपूरचं, हळदीच्या पेवांच्या गावचं. जमिनीत खोल खणलेल्या त्या कोठारांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५च्या महापुराने पुष्कळ पेवं गेली, पण आजीच्या बोलण्यात ती शेवटपर्यंत शाबूत होती. बंद पेवात वारा कोंडतो. झाकण काढलं की लगेच आत उतरणारा माणूस जिवाला मुकतो. म्हणून तोंड उघडं टाकून थांबायचं, कंदील सोडून बघायचं आणि मगच उतरायचं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीने बापूकाकांच्या खोलीसाठी घरात हाच नियम घातला होता. "पेव उघडलं की लगेच उतरू नये गं. दारात उभं ऱ्हायचं. त्यानं बघितलं तुझ्याकडं, तर आत जायचं." त्या नियमात सगळं होतं. पुढे मानसोपचाराच्या पुस्तकांत मी त्यासाठी भारदस्त शब्द वाचले, पण आजीच्या नियमात नसलेलं असं त्यांत काही सापडलं नाही.

काकांनी कुणाला त्रास दिलाच नाही, असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. एकदा मध्यरात्री त्यांनी बोळातली चार दारं ठोठावली, रेडिओ बंद करा म्हणून. कुठेच रेडिओ चालू नव्हता. दुसऱ्या दिवशी चौघेजण अण्णांकडे, माझ्या वडिलांकडे, आले. "येरवड्याला तरी ठेवा न्हाईतर रत्नागिरीला, पण बंदोबस्त करा." काकांनी ठोठावलेली चार दारं सगळ्यांच्या लक्षात राहिली. काकांच्या बाजूचं कुणाला आठवत नव्हतं. चहाच्या गाड्यावर त्यांना बाजारभाव म्हणायला लावून पोरं हसायची, दोनदा त्यांचा पगार वाटेत काढून घेतला गेला, गणपतीत कुणीतरी त्यांच्या धोतराला लवंगीची माळ बांधली. या आजारातली माणसं मारण्यापेक्षा मार खाण्याचाच संभव जास्त, असं जाणकार सांगतात. आम्हाला ते घरातच दिसत होतं.

आता थोडं विषयांतर, पण सांगलीच्या माणसाला हे टाळता येत नाही. आमच्या गावाला नाट्यपंढरी म्हणतात. ५ नोव्हेंबर १८४३ला विष्णुदास भाव्यांनी इथे चिंतामणराव पटवर्धनांपुढे 'सीता स्वयंवर' केलं, म्हणून तो दिवस रंगभूमी दिन. त्या काळच्या नाटकांतले राक्षस 'अलल्लडुर्र' अशी आरोळी ठोकत यायचे. तोंड रंगवलेलं, डोळे वटारलेले. राक्षस कोण, याबद्दल प्रेक्षकाला तिळमात्र शंका नसायची. नेमक्या त्याच वर्षी, जानेवारीत, लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटन नावाच्या माणसाने पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या चिटणिसाला, एडवर्ड ड्रमंडला, पाठीमागून गोळी घातली. टोरी पक्षाची माणसं आपला पाठलाग करतात अशी त्याची समजूत होती. वेडाच्या भरात केलं म्हणून कोर्टाने त्याला निर्दोष ठरवलं. इंग्लंडभर ओरड झाली आणि मग न्यायाधीशांनी कसोटी घालून दिली. आपण काय करतोय हे माणसाला कळत होतं का? कळत असलं तरी, ते चूक आहे हे कळत होतं का? तीच कसोटी आपल्याकडे दंड संहितेत कलम ८४ होऊन आली, आता ती भारतीय न्याय संहितेत कलम २२ म्हणून आहे. मॅकनॉटन काही मोकळा झाला नाही. उरलेली बावीस वर्षं वेड्यांच्या इस्पितळांत काढून तो १८६५ साली तिथेच मेला.

मला ही कसोटी सिनेमातल्या डॉक्टरबाईंपेक्षा शहाणी वाटते. ती नुसतं आजाराचं नाव ऐकून समाधान मानत नाही, कळत होतं का असं विचारते. सिनेमातला शेजारी चमचा धुतो, पुसतो, जागेवर ठेवतो. म्हणजे त्याला कळत होतं. एवढ्या एका चमच्याने डॉक्टरबाईंचं पाच मिनिटांचं भाषण निकालात निघायला हवं होतं.

पण मग, चमचा मीही धुतलाच होता.

त्याआधी दुसऱ्या एका माणसाबद्दल. माझ्या आयुष्यातला राक्षस 'अलल्लडुर्र' करत आला नाही. तो अर्थशास्त्राची वही मागायला आला.

मी विश्रामबागला कॉलेजला होते. वही दिली. ती परत करताना आत पिंपळाचं पान. मी हसून सोडून दिलं. मग तो बसथांब्यावर दिसू लागला, आधी पलीकडच्या बाजूला, मग ह्याच बाजूला, मग बसमध्ये. महिन्याभरात त्याची लुना बसच्या मागे मागे. घरी फोन यायचे. उचलला की नुसता श्वास. मी एकदा थांबून स्पष्ट सांगितलं, मला हे नको आहे. त्याने मान डोलावली आणि पुढच्या आठवड्यात माझ्या धाकट्या भावाशी दोस्ती करून क्रिकेटची बॅट घेऊन आमच्या सोप्यात येऊन बसला. आई त्याला चहा देत होती. "वहिनी, चहा काय झकास झालाय हो," असं तो आईला म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसला. असं दोन वर्षं चाललं.

मैत्रिणी म्हणायच्या, "नशीबवान आहेस." १९९३च्या डिसेंबरात 'डर' आला होता. आम्ही सहाजणी मिळून गेलो. शाहरुख खान किरणच्या मागे मागे फिरतो, फोन करतो, छातीवर सुरीने तिचं नाव कोरतो आणि गाण्यात सांगूनच टाकतो की तू हो म्हण नाहीतर नाही म्हण, तू माझीच. टॉकीज शिट्ट्यांनी दणाणलेलं. तो मेलेल्या आईशी फोनवर बोलतो हे उघड झाल्यावर तर माझ्या शेजारची मैत्रीण हुंदके देऊन रडली, बिचारा म्हणून. किरणसाठी कुणी रडलं नाही. मी खुर्चीचे दोन्ही हात धरून बसले होते. बाहेर स्टँडला लुना लावलेली असणार हे मला माहीत होतं, आणि ती होतीच.

एकतर्फी प्रेमाचा खरोखरीचा आजार असतो. फ्रेंच डॉक्टर क्लेरांबो याने १९२१ साली एका त्रेपन्न वर्षांच्या बाईची हकीकत लिहून ठेवली आहे. इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज आपल्यावर प्रेम करतो अशी तिची खात्री होती. ती लंडनला येऊन बकिंगहॅम राजवाड्याबाहेर उभी राहायची. खिडकीचा पडदा हलला की राजाने खूण केली, असं समजायची. मी हे वाचलं तेव्हा मला बापूकाकांचा निवेदक आठवला. पडदा हलण्याचा आणि हळदीच्या भावाआधी थांबण्याचा जातकुळीने एकच अर्थ. त्या बाईची कीव येते. पण लुनावाल्याला कुठलाही पडदा हललेला दिसला नव्हता. मी नाही म्हटलेलं त्याला शब्दन् शब्द ऐकू आलं होतं, म्हणून तर त्याने मागच्या दाराने भाऊ गाठला. त्याला कसलाही आजार नव्हता आणि आजही नाही. तो प्रतिष्ठित गृहस्थ आहे. त्याच्या मंडळाच्या आरतीला आमच्या नात्यातले लोक जातात.

अण्णांना मी सांगितलं तो प्रसंग लख्ख आठवतो. डिग्रजच्या मळीत आमची थोडी जमीन. शेजारचा शेतकरी दर वर्षी बांध कोरायचा. नांगर धरताना एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, आत. एकच तास, वीतभर. अण्णा म्हणायचे, बांध कोरणारा कधी हातभर कोरत नाही. हातभर कोरला तर भांडण होतं. वीतभर कोरतो म्हणजे बोलणाऱ्यालाच लाज वाटते, एवढ्याशासाठी काय बोलायचं! आणि दहा वर्षांनी बघावं तर उसाची एक अख्खी सरी त्याची झालेली. त्या अर्ध्या गुंठ्यासाठी अण्णांनी अकरा वर्षं तलाठ्यापासून कोर्टापर्यंत चपला झिजवल्या, हद्द कायम मोजणी आणली, खुणेचे दगड पुन्हा रोवून घेतले. दगड रोवले त्या दिवशी घरात पुरणपोळी होती.

मी सगळं सांगितल्यावर ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "तू उद्यापास्नं रेल्वेच्या बाजूनं जात जा."

वही, थांबा, बस, फोन, सोपा. एकेक तास. अण्णांइतकं बांध कोरणं ओळखणारा माणूस पंचक्रोशीत नव्हता, आणि त्यांना ते दिसलं नाही. की दिसलं, पण त्या जमिनीचा सातबारा माझ्या नावावर आहे हेच कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं? आपल्या भाषेतही पंचाईतच आहे. 'मर्यादा' हा शब्द बाईने पाळायचा, 'लक्ष्मणरेषा' तिने ओलांडायची नाही. रेषेच्या बाहेर उभा राहून जो हाका मारतो त्याच्यासाठी शब्द नाही. कायद्यालाही तो सापडायला वेळच लागला. बाईने नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा मागे लागणं हा वेगळा गुन्हा २०१३च्या दुरुस्तीने झाला, तेव्हा कलम ३५४ ड, आता न्याय संहितेचं कलम ७८. माझ्या वेळी फक्त रेल्वेची बाजू होती.

त्या वळशाने मी दीड वर्ष गेले. लुना बंद कशी झाली ते सांगण्यासारखं नाही. त्याचं लग्न ठरलं, एवढंच.

आता दूध.

१९९६च्या दिवाळीत बापूकाकांनी गोळ्या सोडल्या. जीभ जड होते, हात कापतात, अक्षर बिघडतं, असं ते म्हणत. अक्षर बिघडतं, हे आम्ही कुणीच नीट ऐकलं नाही. ज्या माणसाकडे अक्षराशिवाय दुसरं काही उरलेलं नव्हतं, त्याने ते सांगितलं होतं. महिन्याभरात रेडिओ पुन्हा बोलू लागला. काका जेवेनात, झोपेनात, एका रात्री अनवाणी आयर्विन पुलाच्या मध्यावर सापडले. अण्णा खचले. ज्या डॉक्टरांकडे दाखवत होतो त्यांनी एक बाटली दिली. थेंब आहेत, वास नाही, चव नाही. चहात नको, दुधात घाला. "त्यांना कळू न देता द्या."

आईने नाही म्हटलं. अण्णांचे हात थरथरायचे. उरले मी, आणि मी का, तर काका रात्रीचं दूध फक्त माझ्या हातून घ्यायचे. बाकीच्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. म्हणजे ज्या एका कारणासाठी मी ते करायला नको होतं, त्याच कारणासाठी माझी निवड झाली.

बाटली हळदीच्या डब्यामागे. थेंब मोजायचे, ढवळायचं, चमचा धुवायचा, कारण एकदा ओला चमचा बघून काका क्षणभर थबकले होते. पेव उघडल्यावर दारात थांबायचं, हा आजीचा नियम मी रोज पाळत होते. दारात उभी राहायचे, ते बघायचे, मग आत जायचे. पेल्यात थेंब घेऊन.

आणि गुण आला. हे लिहायला जड जातं, पण आला. सहा आठवड्यांत काका दाढी करू लागले, तीन महिन्यांत दुकानात जाऊ लागले. रेडिओवर नुसती गाणी ऐकायचे. आजी म्हणाली, हरिपूरच्या संगमेश्वराने ऐकलं. काका एकदा त्या डॉक्टरांनाच ऐटीत म्हणाले, "बघा साहेब, गोळ्या सोडल्या आणि बरा झालो." डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. मीही हसले. सिनेमातल्या कुठल्याही खुन्याचं हसू मला त्याहून भेसूर वाटलेलं नाही.

मी वाईट केलं का? मला अजून उत्तर येत नाही आणि ज्यांना चटकन येतं त्यांचा मला थोडा राग येतो. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आता पुष्कळ गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. उपचाराला माणसाची संमती हवी, पुढे आपल्यावर कोणते उपचार करावेत आणि कोणते नकोत हे त्याला आधीच लिहून ठेवता येतं, आपला प्रतिनिधी नेमता येतो. चांगलंच आहे. पण आयर्विन पुलाच्या मध्यावर रात्री दोन वाजता तुम्ही एकटे असता, कायद्याचं पुस्तक घरी असतं. एवढं मात्र मला कळतं की काकांचा जीव वाचवताना मी त्यांचा बांध कोरत होते, रोज रात्री एक तास, आणि वीतभरच असल्याने मला बोलणारं कुणी नव्हतं.

माझं लग्न ठरलं आणि प्रश्न आला, आता थेंब कोण घालणार. मिरजेत एक नव्या डॉक्टरबाई आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, त्यांना सांगा. अण्णांनी सांगितलं. मी दाराशी होते.

काका ओरडले नाहीत. "किती दिवस?" असं विचारलं.

"सव्वा वर्ष."

ते माझ्याकडे वळले. काही बोलले नाहीत. उठून दुकानात गेले.

त्यानंतर चार महिने ते घरी जेवले नाहीत. खानावळीचा डबा नाही, खानावळीतच जायचे. भांड्यांच्या दुकानातून स्टीलचा एक पेला आणला, त्यावर नाव घालून घेतलं आणि खाली तारीख. घरातल्या भांड्यांवर लग्नाच्या, मुंजीच्या तारखा असतात. ही कसली तारीख ते कुणी विचारलं नाही. तो पेला ते स्वतः धुवायचे, पाणी पिण्याआधी आणि प्यायल्यावरही, आणि खिडकीत उपडा ठेवायचे. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मिरजेच्या डॉक्टरबाईंकडे ते एकटे गेले, गोळी बदलून घेतली, हात कमी कापणारी. मग ती घेत राहिले. मधूनमधून सोडायचेही, दोनदा त्रास झाला, एकदा दाखल व्हावं लागलं. पण घ्यायची ती स्वतः, त्या पेल्यातून.

हे सगळं मी भाचीला सांगणार होते. सिनेमा सुटल्यावर आम्ही भडंग घेऊन कट्ट्यावर बसलो, तिने फोन चालू केला. चौदा मिस्ड कॉल, सगळे एकाच मुलाचे.

"चिडलाय," ती हसत म्हणाली. "लोकेशनला मल्टिप्लेक्स दिसतंय, तर कुणाबरोबर आहेस विचारतोय. काळजी करतो गं फार. हस की मावशी, फोटो पाठवते त्याला."

तिने गाल माझ्या गालाला लावला. मी हसले. फोटो गेला. क्षणात उत्तर आलं, अंगठा.

"लोकेशन त्याला कधीपासून दिसतंय?" मी विचारलं.

"झाले की दोन-तीन महिने. आधी नुसता पासवर्ड घेतला होता." मग माझा चेहरा बघून, "अगं तो काय सायको आहे का! चांगल्या घरचा आहे."

मी तिला बांधाचं सांगायला सुरुवात केली. तिने ऐकलं, म्हणजे एक डोळा फोनवर ठेवून ऐकलं. सातबारा म्हणजे काय ते मला आधी समजावून सांगावं लागलं. पेल्याचं सांगायला घेतलं तेव्हा मात्र तिने फोन पालथा घातला. बापूआजोबांचा तो पेला तिने आमच्या फडताळात पाहिलेला आहे. त्यावरची तारीख कसली, हे तिने लहानपणी विचारलं होतं आणि मी विषय बदलला होता.

काका २०११ साली गेले, मूत्रपिंडाच्या दुखण्याने. शेवटचे बारा दिवस मिरजेच्या इस्पितळात होते. रात्रीची पाळी माझी असायची. पिशवीत दोन धोतरं, चष्मा, चोपडी आणि तो पेला. अक्षर अखेरपर्यंत शाबूत होतं. नर्सला तक्त्यावरची औषधांची नावं मोत्यांसारखी लिहून द्यायचे.

नवव्या की दहाव्या रात्री म्हणाले, "पाणी दे."

तांब्या पाठीमागच्या कपाटावर होता. मी पेला उचलला. तेरा-चौदा वर्षांत पहिल्यांदा माझा हात त्याला लागला होता. मी कपाटाकडे वळले.

"तिकडं नको," काका म्हणाले. "हितं आण. माझ्यासमोर ओत."

मी तांब्या घेऊन पलंगाशी आले. त्यांनी उशीवरून मान थोडी उचलली. मी ओतत होते आणि ते धारेकडे बघत होते. पेला अर्धा झाला, पाऊण झाला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, सावकाश सगळा प्यायले आणि पुन्हा माझ्यापुढे धरला.

"अजून थोडं."